मुधोळचे कुत्रे आणि शुद्ध रक्ताचा हट्ट

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे होतो. तेव्हा कलघटगी रस्त्याकडचे एक शेतकरी बंधू आम्हांला हाताला धरून चिंचेखाली घेऊन गेले. त्यांच्याकडे मुधोळ जातीची तीन वर्षांची कुत्री आहे. तिच्याच वेतातला सख्खा भाऊ दोन शेते पलीकडे त्यांच्या मेहुण्यांकडे आहे. दोघांचा रंग एकसारखा, फिक्या बदामासारखा, नजर लागावी असा. बंधू म्हणाले, "यंदा जोड त्यालाच लावावी म्हणतो. रक्त शुद्ध राहील, आणि गिऱ्हाईक रंग बघूनच पैसे मोजतंय." पिल्लांचे पैसे थोरल्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीला लावायचे होते. त्यांनी विचारले खरे, पण उत्तर आधीच ठरवून. आम्ही "नको" म्हटले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. चिंचेखाली पाच मिनिटांत जे नीट सांगता आले नाही, ते या पानावर सविस्तर सांगतो. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा राहिलेला नाही. मुधोळची पिल्ले आता आपल्या बऱ्याच वाड्यावस्त्यांवर आली आहेत.

मुधोळ आपल्याला लांब नाही. हुबळीहून उत्तरेला नवलगुंद, नरगुंद मागे टाकून मलप्रभा ओलांडावी, की घटप्रभेच्या काठी रन्न कवीचे हे गाव लागते. आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. पूर्वी तिथे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. या भागातले बेडर समाजाचे शिकारी लांब पायांचे, खोल छातीचे, कंबर आत ओढलेले कुत्रे बाळगत आणि त्यांच्या जोरावर ससा, हरिण धरत. अशा बांध्याचे कुत्रे मुळात अरबस्तान आणि मध्य आशियाकडून लष्करांबरोबर व तांड्यांबरोबर दक्षिणेत आले, असे जाणकार मानतात. मराठवाड्याकडे याच कुत्र्याला कारवानी म्हणतात, ते त्यामुळेच. विसाव्या शतकाच्या आरंभी मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांच्या डोळ्यांत हे कुत्रे भरले. त्यांनी चांगले चांगले नर-माद्या जमवून पैदास सुरू केली, आणि इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज याला एक जोडी भेट दिली असे सांगतात. ही भेट १९३७ सालची म्हणून कधी कधी छापले जाते. ते बरोबर नसणार, कारण तो बादशहा जानेवारी १९३६ मध्येच वारला. पण साल काही असो, मुधोळचे नाव साता समुद्रापार गेले ते या कुत्र्यापायी.

आता आमच्या बंधूंच्या प्रश्नाकडे येऊ. हा कुत्रा इतका देखणा आणि चपळ झाला कसा? राजवाड्यात कागद लिहून नव्हे. बेडर शिकारी कुत्र्याचा रंग विचारत नव्हता. ज्याला ससा धरता येई, त्याला भाकरी मिळे आणि त्याचीच पिल्ले गावात मागितली जात. धापा टाकून बसणारा, पाय मुरगळणारा किंवा उन्हात कोसळणारा कुत्रा कितीही सुंदर असला तरी त्याचा वंश पुढे चालत नसे. धान्य चाळणीतून काढावे तशी दर पिढी कामातून चाळली जाई. कागद नव्हते, पण चाळणी होती. आणि चाळणीतून पडलेले दाणे एकाच कणसाचे नव्हते. या वस्तीचा नर त्या वस्तीला जाई, शेजारच्या तालुक्यातली मादी इकडे येई.

निवडून पैदास करणे ही काही नवी विद्या नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाने लाबानाच्या कळपातून ठिपक्याठिपक्यांची मेंढरे आपल्या वाट्याला घेतली, ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पाण्याच्या कुंडापुढे सोललेल्या काठ्या ठेवून ठिपकेदार कोकरे होत नाहीत, हे आज शाळेतले पोरही सांगेल. पण याकोबाने आणखी एक गोष्ट केली, ती आमच्यासारख्या शेतकऱ्याला लगेच पटते. त्याने दणकट मेंढरे पाहूनच त्या काठ्या मांडल्या, दुबळी सोडून दिली. रंग हवा होता, तरी अंगातली ताकद त्याने विसरली नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. ती झाली हे योग्यच झाले. कुत्रा सोडून ससा मारणे हा आज गुन्हा आहे, आणि आपल्यापैकी कोणी अजून गंमत म्हणून करीत असेल तर त्याने ते थांबवावे. पण त्या दिवसापासून मुधोळच्या कुत्र्याची चाळणी भिंतीला टांगली गेली. कोणता नर बाप व्हावा हे आता ससा ठरवीत नाही, गिऱ्हाईक ठरवते. आणि गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाहते.

असे एका जातीच्या बाबतीत पूर्वी घडलेले आहे. इंग्लंडमध्ये बुलडॉग नावाचा कुत्रा होता. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा एक क्रूर खेळ तिकडे चाले, त्यासाठी तो पाळत. १८३५ साली कायद्याने तो खेळ बंद झाला. बुलडॉगचे काम गेले. मग १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले, १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला, जातीजातींच्या वंशावळ्यांच्या वह्या सुरू झाल्या. वहीत ज्याचे नाव तोच खरा, बाहेरचे रक्त घ्यायचे नाही, हा नियम पक्का झाला. बक्षीस कोणाला? ज्याचे डोके मोठे, नाक बसके, छाती रुंद. शंभर-दीडशे वर्षे लोकांनी बक्षिसाच्या मागे जाऊन डोके आणखी मोठे केले, नाक आणखी दाबले. आज परिणाम असा आहे की त्या पिल्लाचे डोके आईच्या कटीतून सुटत नाही. २०१० साली विलायतेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉगच्या दहा वेतांपैकी आठांहून अधिक वेते पोट फाडून करावी लागलेली आढळली. आपल्या गोठ्यात दहापैकी आठ म्हशी अशा अडल्या असत्या, तर ती जात आपण एक वर्ष तरी ठेवली असती काय?

पग नावाच्या चपट्या तोंडाच्या लहान कुत्र्याचीही गत तीच. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे हा कुत्रा धावताना लोकांनी पाहिला, आणि हुबळी-धारवाडच्या घराघरांत पोरांनी पगचा हट्ट धरला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून जीभ बाहेर काढून धापतो आणि नाकातल्या व तोंडातल्या ओलाव्यावरून हवा खेळवून अंग थंड करतो. ज्याचे नाकच दाबून टाकले त्याने एप्रिलच्या उन्हात काय करावे? त्याचे घोरणे ऐकून आपण हसतो. ते घोरणे म्हणजे श्वास अडल्याचा आवाज आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या उन्हाळ्यात असा कुत्रा दुपारी गच्चीवर खेळता खेळता गेला. धाकटी मुलगी दोन दिवस जेवली नाही. पिल्लू विकणाऱ्याने उन्हाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. आमच्या मते हुबळीत पग विकत घेऊ नये. आणि ज्यांच्या घरी आहे त्यांनी त्याला सकाळी लवकर आणि दिवे लागल्यावरच बाहेर न्यावे, अंगावर चरबी चढू देऊ नये, आणि त्याची पैदास करू नये.

पण दिसणारी खोड ही निम्मीच गोष्ट. न दिसणारी अधिक वाईट, आणि सख्ख्या भावाबहिणीच्या जोडीचा प्रश्न तिथेच येतो.

प्रत्येक प्राण्याच्या रक्तात काही ना काही वाईट बीज लपलेले असते. ते एका पालकाकडून आले आणि दुसऱ्याकडून चांगले आले, तर चांगले वाईटाला झाकून टाकते आणि पिल्लू धडधाकट निघते. दोन्हीकडून तेच वाईट बीज आले की झाकायला कोणी उरत नाही. परक्या दोघांचे नेमके तेच वाईट बीज सारखे असण्याचा संभव थोडा. भावाबहिणीचे सारखे असण्याचा संभव फार, कारण दोघांनी ते एकाच आईबापाकडून घेतले. हिशेब असा सांगतात की सख्ख्या भावाबहिणीच्या पिल्लात सरासरीने चवथा हिस्सा बीजांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या निघतात. मग वेत लहान पडते, पिल्ले जन्मताच मरतात, नराची उत्पादनशक्ती घटते, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा खुबा सैल. पहिल्या वेतात हे दिसेलच असे नाही. त्यामुळेच माणूस फसतो. पहिले वेत सुंदर निघते, पैसे येतात, आणि तो पुन्हा तसेच करतो.

सोयरीक जमवताना नाते किती जवळचे, हे फादर विचारतात तेव्हा आपण रागावत नाही. आणि कापूस लावणाऱ्याला तर हे वेगळे सांगायलाच नको. आपल्या धारवाडातच डॉ. कटरकी यांनी १९७२ साली वरलक्ष्मी हा संकरित कापूस दिला, पुढे डीसीएच-३२ आला. दोन वेगळ्या कुळांचा कापूस एकत्र आला म्हणून ते झाड असे वाढले की आमच्या वाडवडिलांना नवल वाटले. वेगळे रक्त मिळाले की अंगात जोम येतो, एकच रक्त घोळवत बसले की जोम ओसरतो. सरकी घेताना जे ज्ञान आपण वापरतो, ते कुत्री माजावर आली की कुठे जाते कोण जाणे.

विलायतेत या गोष्टीला २००८ साली मोठीच वाचा फुटली. तिथल्या बीबीसी दूरदर्शनवर जातिवंत कुत्र्यांच्या रोगांवर एक चित्रपट दाखवला गेला. पग जातीचे सुमारे दहा हजार कुत्रे देशात असले, तरी रक्ताच्या विविधतेने पाहता ते जेमतेम पन्नास कुत्र्यांइतकेच भरतात, असे त्यात सांगितले. देशभर गहजब झाला. बीबीसीने कुत्र्यांच्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनाचे प्रक्षेपणच थांबवले, आणि केनेल क्लबने आईबाप-अपत्य व सख्खी भावंडे यांच्या जोडीची पिल्ले वहीत घेणे २००९ पासून बंद केले. म्हणजे ज्यांनी शुद्ध रक्ताची वही सुरू केली, त्यांनीच सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती जोड अमान्य केली. आमच्या बंधूंना त्यांचा विक्रेता अजून तीच जोड शुद्धतेची खूण म्हणून सांगतो आहे.

सर्वांत बोलकी गोष्ट डाल्मेशियनची. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असणारा तो कुत्रा. ठिपके ठळक हवेत म्हणून निवड करता करता त्या साऱ्या जातीत एक दोष पसरला: लघवीत युरिक आम्ल फार उतरते आणि मूतखडे होतात. जातीत एकही कुत्रा निर्दोष उरला नव्हता, तेव्हा आतल्या आत निवड करून दोष जाणार कसा? १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल नावाच्या गृहस्थांनी एका डाल्मेशियनची जोड पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच लावली. झालेल्या पिल्लांतली निर्दोष निवडली, त्यांची जोड पुन्हा डाल्मेशियनशी, मग पुन्हा, मग पुन्हा. थोड्याच पिढ्यांत ठिपके जसेच्या तसे आले आणि लघवी साफ झाली. पण वहीवाल्यांना ते रक्त बाटलेले वाटले. १९८१ साली दोन कुत्र्यांची नोंद झाली, तिलाही जातीच्या कैवाऱ्यांनी विरोध केला आणि दार बंद झाले. ते उघडले २०११ साली. तीस वर्षे! मधल्या काळात जे कुत्रे लघवी तुंबून तळमळले, ते सर्व कागदोपत्री अगदी शुद्ध होते.

यावर कोणी म्हणेल, मग जातच नको का? गावठीच बरे? तसे आमचे म्हणणे नाही. आपली धारवाडी म्हैस पाहा. कोयत्यासारखी वळलेली शिंगे, कमी चाऱ्यावर तग धरणारी, आणि तिच्याच दुधावर धारवाडच्या पेढ्याचे नाव. २०२१ साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद घेतली, त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण ती म्हैस घडली शेकडो गावांच्या गोठ्यांत, दुधाच्या भांड्यापुढे. प्रदर्शनात नव्हे. कृष्णाकाठचा बैल तर दक्षिणेकडच्या मराठा संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांकरेज, म्हैसुरी अशा निरनिराळ्या रक्तांतून मुद्दाम उभा केला, काळ्या चिकट रानात नांगर ओढण्यासाठी. ट्रॅक्टर आला, काम गेले, आणि आज तो बैल शोधावा लागतो. कामाशिवाय जात टिकत नाही, किंवा टिकली तर बुलडॉगसारखी टिकते. मुधोळचा कुत्रा आज त्या फाट्यावर उभा आहे.

त्याचे नाव मात्र वाढतेच आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत एक मुधोळचा होता. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली काही पिल्ले २०१६ च्या सुमारास मीरतला लष्कराकडे शिकायला गेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर या जातीचे नाव घेतले, आणि तेव्हापासून पिल्लांची मागणी वाढली. मागणी वाढली म्हणजे माद्यांवर ताण आला, आणि जवळ जो नर असेल तोच लावण्याचा मोह आला. लष्कराची आणि पोलिसांची मागणी चांगली, कारण तिथे पुन्हा काम आहे, चाळणी आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर बांधून ठेवण्यासाठी मागणारा चाळणी आणीत नाही. तो फक्त रंग आणि उंची मागतो. आणि धावण्यासाठी जन्मलेल्या प्राण्याला चार फुटांच्या साखळीवर ठेवण्याइतकी वाईट शिक्षा नाही.

ज्यांच्याकडे मुधोळची मादी आहे त्यांना आमचे सांगणे असे. एक वही घाला. आईबाप कोण, आजाआजी कोण, कोणत्या गावचे, कोण किती वर्षे जगले, कशाने गेले, हे लिहा. नर दुसऱ्या गावचा घ्या, आणि त्याच्या घरी जाऊन त्याला मोकळ्या रानात पळताना पाहा. निदान दोन वर्षे शेत राखल्याशिवाय कोणत्याही नराला बाप करू नका. तीनचार पिढ्यांत मादीशी त्याचे नाते निघाले तर गोड बोलून परत या. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी पैदास करून विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, दीड वर्षाच्या आतल्या जनावराची पैदास करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनी, आणि मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कुत्रा मुधोळचा आहे म्हणून त्याला रेबीज होत नाही असे नाही. कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाव तास धुवा आणि त्याच दिवशी इस्पितळात जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

आणि ज्यांना नुसते राखणीला कुत्रे हवे, त्यांनी गल्लीतल्या धडधाकट गावठी कुत्रीचे पिल्लू उचलावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तिच्या वंशाची वही कोणी लिहिली नाही. ती उन्हात, पावसात, शिळ्या भाकरीवर, हजारो पिढ्या चाळली गेली आहे, आणि तिला कधी कोणी पोट फाडून बाळंत केले नाही. तोबियाबरोबर वाटेने निघालेल्या कुत्र्याची जात पवित्र शास्त्राने सांगितलेली नाही.

आमचे ते शेतकरी बंधू पुढच्या रविवारी पुन्हा भेटले. कुत्री माजावर येऊन आठ दिवस झाले होते, वेळ थोडा होता. आम्ही त्यांना लोकापूरकडच्या एका मेंढपाळाचा पत्ता दिला. त्याचा नर पाच वर्षांचा, मेंढरांमागे रोज रान तुडवणारा, एका कानाला चीर गेलेला, आणि रंगाने काळपट करडा. बंधूंनी कुत्रीला टेम्पोत घातले आणि नेले. मेंढपाळाने पैसे घेतले नाहीत, वेतातले एक पिल्लू मागितले. आता नाताळच्या सुमारास पिल्ले व्हायची आहेत. बदामी किती आणि करडी किती निघतात कोण जाणे, आणि करड्यांना गिऱ्हाईक कमी देईल हे बंधूंना ठाऊक आहे. फीचा पहिला हप्ता त्यांनी सोसायटीतून उचलला आहे. मेहुणे मात्र अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.